अंगठ्याच्या वरची कोरी जागा

हे लिखाण कोणत्याही कार्यालयास सादर करावयाचे नाही. ज्यांच्या घरात हा आजार शिरला आहे आणि ज्यांना त्याचे नाव उच्चारण्याची भीती वाटते, त्यांच्यासाठी ते लिहीत आहे. इतरांचे अर्ज मी आयुष्यभर लिहिले. स्वतःची हकीकत लिहिण्याचा हा पहिलाच प्रसंग असल्यामुळे मजकुरात कोठे कठोर शब्द आला, तर तो माझ्याविषयी आहे असे समजावे.

कोण मी

माझे गाव बोर्ली पंचतनच्या अलीकडे आहे. शिक्षण सातवी पास. परंतु म्हसळ्याला कचेरीबाहेरच्या चिंचेखाली माझे टेबल गेली सव्वीस वर्षे आहे, आणि मजकुराच्या बाबतीत पदवीधर माणसेसुद्धा माझ्यापाशी येऊन विचारून जातात, हे नम्रपणे नमूद करतो. वारसनोंद, रस्त्याची तक्रार, नावातील दुरुस्ती, असा कोणताही विषय असो. माणूस समोर बसून रडत सांगतो, आणि मी त्याचे रडणे वगळून त्यातला विषय कागदावर उतरवतो. माझे अक्षर गोल, टपोरे आणि एका रेषेत बसणारे आहे. त्या अक्षराचा मला अभिमान होता. पुढे जे घडले त्यात या अभिमानाचाही वाटा आहे.

आवाज

चाळिशीच्या उंबरठ्यावर असताना मला तो प्रथम ऐकू आला. एका शेतकऱ्याचा अर्ज पूर्ण करून मी टोपण लावले, तोच डाव्या खांद्यामागून कोणी म्हणाले, "मजकूर अपुरा आहे. पूर्ण करा."

मागे कोणी नव्हते. चिंचेचे खोड होते.

कबूल करतो, मला तो आवाज सुरुवातीस आवडला. त्याची भाषा शुद्ध होती. एखादा निवृत्त वरिष्ठ अधिकारी बोलावा तसा तो सावकाश आणि ठाम बोले. चुका काढी, आणि त्या चुका खऱ्या असत. मला वाटले, इतक्या वर्षांनी माझी योग्यता ओळखणारा कोणीतरी भेटला. वर्षभराने तो जेवतानाही बोलू लागला. शेजारी आपल्याविरुद्ध कागद तयार करीत आहेत असे तो सांगे, त्या कागदांचे जावक क्रमांकही सांगे. मी घराच्या खिडक्यांना आतून वर्तमानपत्र चिकटवले.

माझी पत्नी सुलभा एके दिवशी माझ्यासमोर येऊन बसली. "अहो, कोणाशी बोलता तुम्ही?"

"साहेबांशी."

"कुठल्या साहेबांशी?"

मी डाव्या खांद्यामागे बोट दाखवले. तिने डोळ्यांना पदर लावला नाही की आरडाओरड केली नाही. ती उठली आणि खिडकीवरचे एक वर्तमानपत्र तेवढे काढले. म्हणाली, "निदान एवढ्यातून तरी उजेड येऊ दे."

निदानाचा दिवस

पनवेलच्या डॉक्टर मॅडम वयाने माझ्यापेक्षा लहान होत्या. त्यांनी मला तासभर बोलू दिले. मग म्हणाल्या, "या आजाराला स्किझोफ्रेनिया म्हणतात. मराठीत छिन्नमनस्कता."

मी म्हणालो, "मॅडम, शब्द चुकीचा आहे. माझे मन छिन्न झालेले नाही. उलट त्यात एक माणूस जास्त झाला आहे."

त्या हसल्या नाहीत. त्यांनी वही पुढे ओढली आणि माझे वाक्य लिहून घेतले. माझे वाक्य दुसऱ्याने लिहून घेतल्याचा आयुष्यातला तो पहिला प्रसंग. परतीच्या एस.टी.त सुलभा माझा हात धरून बसली होती. लग्नानंतर चारचौघांत तिने असे कधी केले नव्हते. माझे लक्ष मात्र मागच्या सीटकडे होते. तेथे कोणी बसले नव्हते, आणि तरीही ते स्थळ रिकामे नव्हते.

जुन्या गोळ्या

सुरुवातीस ज्या गोळ्या मिळाल्या त्या फार पूर्वीपासून दिल्या जातात. त्यांनी अनेकांचे संसार वाचवले आहेत, त्यामुळे त्यांची निंदा मी करणार नाही. तीन आठवड्यांत आवाज दबला. दबला म्हणजे गेला नाही. बंद दाराआड कोणी उभे असावे आणि त्याची सावली फटीखाली दिसावी, तसा तो राहिला.

पण माझे शरीर लाकडाचे झाले. चालताना हात हलेनात. सुलभा म्हणे, "तुमचं तोंड पाटासारखं झालंय. हसताय की रागावलाय, कळतच न्हाय." हा ताठरपणा कमी करण्यासाठी आणखी एक गोळी मिळाली, तिने घसा कोरडा पडू लागला. आणि अक्षर! ओळीच्या सुरुवातीस ते ज्वारीच्या दाण्याएवढे असे, शेवटास पोहोचेतो मुंगीएवढे होई. मी मोठे लिहावयास जाई, हात ऐकत नसे. कचेरीतला कारकून माझा अर्ज डोळ्यांजवळ नेऊन म्हणाला, "भाऊ, भिंग पण जोडत चला अर्जासोबत." आजूबाजूचे हसले. मीही हसलो असतो, पण चेहरा हलला नाही.

मॅडमना हे सांगावयास हवे होते. गोळी बदलता येते, मात्रा कमी करता येते. मी सांगितले नाही. अर्जदाराने आपली तक्रार वेळेत मांडावी, असे इतरांना मी रोज सांगत असे. स्वतः मात्र गोळी जिभेखाली धरून, टेबलावर आल्यावर ती अंगठ्याच्या शाईच्या जुन्या डबीत टाकू लागलो.

महिना-दीड महिन्यात अक्षर परत आले. त्याच्या मागोमाग तोही आला.

सोनूबाईंचा अर्ज

आता जे लिहावयाचे आहे, त्यासाठीच हे सर्व लिखाण आहे.

सोनूबाई जवळच्या वाडीवरच्या. वय साठीच्या पुढे, मूलबाळ नाही, नवरा त्या वर्षीच्या पावसाळ्यात आजाराने गेलेला. थोडी सुपारी आणि एक भातखाचर, त्यात दिराचा निम्मा हिस्सा. दीर गणू हाच त्यांना सांभाळी. दोन चुली, पण अंगण एक. नवऱ्याच्या जागी वारस म्हणून आपले नाव लागावे, एवढा साधा अर्ज त्यांना हवा होता.

मी तो लिहिला. रीतीप्रमाणे मोठ्याने वाचून दाखवला.

"समजलं का, मावशी?"

"समजलं. गणूचं नाव पण हाय ना त्यात?"

"आहे."

"मग झालं. त्याला वाटायला नको की म्हातारी सगळं घेऊन बसली."

त्यांनी अंगठा दिला. तो मी नेहमी कागदाच्या अगदी तळाशी, उजव्या कोपऱ्यात घेत असे, कारण त्यामुळे पान देखणे दिसते. ज्यांच्याकडे मी ही विद्या शिकलो, त्या गुरूंनी मला बजावले होते की मजकूर आणि अंगठा यांच्यामध्ये कोरी जागा राहिल्यास तिच्यावर तिरकी रेघ ओढून ती बंद करावी. मला ती रेघ कुरूप वाटे. सव्वीस वर्षांत मी ती क्वचितच ओढली असेल.

अर्ज मी स्वतः आत नेऊन देतो, असे सांगून सोनूबाईंना एस.टी.ला पाठवले. कागद समोर होता. मजकूर आणि अंगठा यांच्यामध्ये चार बोटे जागा होती.

"मजकूर अपुरा आहे. पूर्ण करा."

मला काही आठवत नाही, असे लिहिले असते तर माझी सुटका झाली असती. मला सर्व आठवते. चिंचेचा पाला वहीवर पडत होता. तो सांगत गेला, मी उतरवीत गेलो. 'माझ्या पतीचे निधन नैसर्गिक नसून माझे दीर यांनी त्यांच्या अन्नात विष कालवले आहे.' अशी पाच वाक्ये. ती शेवटच्या ओळीत अंगठ्याला जाऊन भिडली. मला तेव्हा हे खोटे वाटत नव्हते. एका निराधार स्त्रीला मी न्याय मिळवून देत आहे, असे वाटत होते. कागद आत जाऊन दिला आणि पोच घेतली.

असा मजकूर असलेला कागद चौकशीसाठी पोलिसांकडे जाणे रीतसरच होते. तो गेला. गणूला दोनदा बोलावले. त्याने कागदाखाली वहिनीचा अंगठा पाहिला. घरी येऊन त्याने काही विचारले नाही. अंगणाच्या मधोमध करवंदीच्या काट्यांचे कुंपण घातले.

सोनूबाई शेजारणीला सोबत घेऊन माझ्या टेबलापाशी आल्या, तेव्हा मी त्यांनाच समजावू लागलो की तुमच्या दिराने तुम्हांलाही विष घालण्याचे ठरवले आहे. त्या मागे सरकल्या. शेजारणीला म्हणाल्या, "ह्याच्या डोळ्यांत कोण बसलंय गं?"

त्याच दिवशी सुलभाला निरोप गेला. ती आली. टेबलावरची शाईची जुनी डबी तिने उघडली. आत जांभळ्या झालेल्या गोळ्यांचा लगदा होता.

वॉर्ड

मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयात मी पाच आठवडे होतो. पनवेलच्या मॅडमनीच चिठ्ठी दिली होती. सकाळी सहाला दिवे, मग अंघोळीची रांग, मग गोळ्यांची रांग. "तोंड उघडा. जीभ वर करा." माझ्या बाबतीत परिचारिका दोनदा पाहत. ते योग्यच होते.

पेन मिळत नसे. टोकदार वस्तूंना बंदी होती. माझ्या शेजारच्या खाटेवर उरणकडचा एक ट्रकचालक होता. त्याने एक दिवस विचारले, "तुझा काय बोलतो रे?"

मी सांगितले, की मजकूर अपुरा आहे, पूर्ण करा, असे म्हणतो.

तो खाटेवर उठून बसला. "च्यायला! तुझा साहेब हाय म्हणजे. माझा नुसता आयमायवरून शिव्या देतो. बदली करून घेऊया का?"

मी हसलो. माझ्या तोंडून हसणे बाहेर पडल्याचा आवाज मला कित्येक महिन्यांनी ऐकू आला. वॉर्डातल्या मावशींनी त्या दुपारी मला खडूचा एक तुकडा आणून दिला आणि म्हणाल्या, "फरशीवर लिवा. मी पुसून टाकीन." एवढ्याशा दयेने माणूस तगतो. पण फरशीवर लिहिण्यासारखे माझ्यापाशी एकच होते, आणि ते कोणाला दाखवण्याजोगे नव्हते. पाचही वाक्ये मला पाठ होती. आजही आहेत.

नवे औषध, मला समजले त्याप्रमाणे

तेथील डॉक्टरांनी पनवेलच्या मॅडमशी बोलून औषध बदलण्याचे ठरवले. औषधाचे नाव लिहीत नाही. वाचणाऱ्याने माझे नाव सांगून दुकानातून काही आणावे, असा प्रकार होऊ नये. ते सर्वत्र मिळत नाही आणि सर्वांना चालतेच असे नाही. पण ते कसे निराळे आहे हे डॉक्टरांनी मला बसवून सांगितले.

ते म्हणाले, "मेंदूत डोपामीन नावाचं रसायन असतं. ते निरोप पोचवतं. तुमच्या आजारात एका भागात हे निरोप फार सुटतात. साध्या गोष्टीवरही 'महत्त्वाचे' असा शिक्का पडतो. जुन्या गोळ्या, आणि त्यांच्यानंतर आलेल्या बहुतेक गोळ्यासुद्धा, हे निरोप जिथे पोचतात ती जागा अडवतात."

मी म्हणालो, "म्हणजे आवक खिडकी बंद करतात."

"हां, तसंच."

"मग खोट्या अर्जाबरोबर खरा अर्जही परत जाणार. हाताला हलण्याचा हुकूमसुद्धा त्याच खिडकीतून जात असेल."

डॉक्टरांनी विचारले, "कुठे शिकलात?"

"चिंचेखाली," मी सांगितले.

नवे औषध खिडकी अडवीत नाही, असे ते म्हणाले. त्याचे काम दुसऱ्याच टेबलावरून चालते. मेंदूत आणखी एक रसायन आहे, त्याच्या जागांना हे औषध चेतवते. त्यामुळे मूळ ठिकाणाहूनच डोपामीनचे अनावश्यक निरोप सुटणे कमी होते, असा तज्ज्ञांचा समज आहे. थोडक्यात, आवक मोकळी ठेवून जावक शाखेस शिस्त लावावयाची. हात ताठणे, चेहरा लाकडी होणे हे यात फारसे होत नाही. मात्र हेच औषध पोटातल्या जागांनाही चेतवते, म्हणून त्याच कॅप्सूलमध्ये एक दुसरे द्रव्य घातलेले असते. ते मेंदूत शिरत नाही, बाहेर थांबून पोटाचे रक्षण करते.

"म्हणजे दारावरचा शिपाई," मी म्हणालो.

"जवळपास बरोबर. पण भाऊ, मेंदू तुमच्या कचेरीइतका नीटनेटका नसतो."

"डॉक्टर," मी म्हणालो, "तुम्ही कचेरी पाहिलेली दिसत नाही."

शिपाई तितकासा दक्ष नव्हता, हे अनुभवाने सांगतो. पहिले काही दिवस उलट्या झाल्या, पोट गच्च झाले, छाती धडधडे. नाडी आणि रक्त ते वरचेवर तपासत. या वेळी मी प्रत्येक तक्रार सांगितली, तारीखवार. कॅप्सूल दिवसातून दोनदा, रिकाम्या पोटी. जुनी गोळी एकदम बंद न करता उतरवत नेली. कोणीही स्वतःच्या मनाने गोळी थांबवू नये. मी थांबवली होती, आणि त्याची किंमत दुसऱ्याच बाईने भरली.

रिकामी खुर्ची

घरी आल्यावर दोन-तीन महिन्यांनी अक्षरांना पुन्हा पोट आले. सुलभाने पिठाच्या डब्यावरची माझी चिठ्ठी पाहिली आणि म्हणाली, "हे तुमचं." चेहरा हलू लागला. सायंकाळी आम्ही बुद्धवंदना म्हणतो, तेव्हा माझा सूर तिच्या सुराशी पुन्हा जुळू लागला.

आणि तो? नव्या औषधाचे काम चांगले झाले असे मी म्हणतो, म्हणून खरे तेही लिहितो. जुन्या औषधात तो दाराआड उभा होता. आता दार उघडे आहे आणि आत रिकामी खुर्ची आहे. पण त्या खुर्चीची गादी अजून दबलेली आहे, एवढ्यात कोणी उठून गेल्यासारखी. कित्येक दिवस काही ऐकू येत नाही. मग भांडे पडल्यावर, किंवा दूर कोणी कोणाला हाक मारल्यावर, त्याच्या वाक्याची सुरुवात होईल असे वाटते. मी थांबतो. कधी सुरुवात होत नाही. कधी होते.

सात महिने मी टेबल मांडले नाही. लोक येत. मी हात दुखतो म्हणून सांगे. हात दुखत नव्हता. हाताची मला भीती वाटत होती.

कुंपण

एका सकाळी सोनूबाई घरी आल्या. उंबऱ्याच्या आत आल्या नाहीत.

"बरा झालास म्हनं?"

"बराच बरा आहे, मावशी."

"मग चल म्हसळ्याला. तू लिवलंस, आता तूच निस्तर."

मी म्हणालो, "दुसऱ्या कोणाकडून लिहून घ्या. माझ्याबद्दल मी सर्व लेखी कबूल करून देतो. पण तुमच्या नावाचा कागद..."

"दुसऱ्याचं अक्षर गणूला पटायचं न्हाय. म्हनेल, म्हातारीनं आता दुसरा गाठला." त्यांचा आवाज चिरका झाला. "माझ्या आंगनात काटं हायत रे. सनाला त्याची पोरं पलीकडून बघतात, मी अलीकडून बघते. मी मेले तर खांदा द्यायला तो काटं वलांडून येईल का?"

सुलभा आतून माझी पिशवी घेऊन आली. तिने पेन आधीच भरले होते.

सोनूबाईंनी शेजारणीकरवी धाडलेल्या निरोपावरून गणू चिंचेखाली येऊन उभा होता. उन्हाने रापलेला, बोलण्याला कंजूष माणूस. त्याने अट घातली, की लिहिलेले मी वाचून दाखवायचे नाही. तो स्वतः वाचणार. त्याची चौथी झालेली होती.

मी लिहू लागलो. अर्जात पूर्वीच्या पाच वाक्यांचा उल्लेख केला. ती अर्जदारास न सांगता, वाचून न दाखवता, अंगठा घेतल्यानंतर मी आजारपणात घातली. त्यांत सत्य नाही. जबाबदारी सर्वस्वी माझी आहे. रुग्णालयाचा कागद सोबत जोडला आहे. माझ्या आजाराचे नाव मी तालुक्याच्या ठिकाणी, स्वतःच्या अक्षरात, पूर्ण लिहिले.

गणूने कागद घेतला. प्रत्येक शब्दावर बोट ठेवून तो वाचू लागला. मी त्याच्या ओठांकडे पाहत होतो. आता तो थांबेल, आता तो माझ्याकडे पाहील आणि जे मी लिहिलेलेच नाही असे काही वाचेल, अशी मला भीती वाटत होती.

मध्यावर तो थांबला.

"हे काय लिवलंय?"

मी कागदावर वाकलो. "कुठे?"

"हे... सर्व... सर्वस्वी. सर्वस्वी म्हंजे?"

"सगळी. सगळी जबाबदारी माझी, असे."

"मग सगळी लिवायचं ना सरळ," गणू म्हणाला, आणि बोट पुढे सरकले.

तो शेवटपर्यंत वाचत गेला. जे मी लिहिले होते तेच त्याने वाचले. एकही शब्द अधिक नव्हता. इतकी वर्षे लोकांना मी वाचून दाखवले; दुसऱ्याच्या तोंडून स्वतःचा मजकूर जसाच्या तसा परत येणे म्हणजे काय, हे मला त्या दिवशी कळले.

सोनूबाईंनी अंगठ्याला शाई लावली, पण कागदावर टेकवला नाही. "गणू, परत वाच."

त्याने परत वाचले. या वेळी वहिनीच्या बाजूला वळून.

मी अंगठा तळाशी घेतला नाही. शेवटच्या ओळीला लागूनच घेतला, आणि शेजारी त्यांचे नाव लिहिले. त्याखाली अर्धे पान कोरे राहिले. मी टोपण लावणार, तोच डाव्या खांद्यामागून, फार लांबून, पण स्पष्ट ऐकू आले.

"मजकूर अपुरा आहे."

मी मागे पाहिले नाही. पट्टी ठेवली आणि त्या कोऱ्या जागेवर एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत तिरकी रेघ ओढली.

"च्च!" गणू म्हणाला. "चांगलं पान घालवलंत की."

"असू दे, भावोजी," सोनूबाई म्हणाल्या. इतक्या महिन्यांनी त्यांनी त्याला तशी हाक मारली असावी, कारण तो चिंचेकडे पाहू लागला.

रेघ ओली होती. शाई वाळेपर्यंत मी कागदावरचा हात काढला नाही.